तीनशे ग्रॅम

शुक्रवारी आम्ही कुताईसीच्या मंडईत भेटलो,
नेहमीच्याच जागी, चीज विकणाऱ्या बायकांच्या रांगेपाशी.
एतेरीच्या हातात आज पिशवी नव्हती.
सूटकेस होती, एक चाक मोडलेली.

"वीस किलोच नेऊ देतात," ती म्हणाली,
"वरच्या किलोला इतके पैसे घेतात
की तेवढ्यात अख्खं डुक्कर येईल."
"अख्खं नाही," नानुली म्हणाली, "मागचा एक पाय."
मग डुकराच्या भावात दहा मिनिटं गेली,
कोथिंबिरीच्या जुडीत पाच
(जुडी आता इतकी बारीक, की दोरा तिच्याहून जाड).

डॉक्टरनं माझं मीठ तोडलंय.
म्हणे, सुलुगुनी रात्रभर पाण्यात भिजवून खा.
मी म्हटलं, डॉक्टर, मग नुसतं पाणीच का पिऊ नये?
नानुलीच्या गुडघ्यातून अर्धा ग्लास पाणी काढलं मंगळवारी.
बोटांनी माप दाखवत ती सांगत होती,
"यंदा वेलानंसुद्धा एवढं दिलं नाही."

हसलो. हसताना एतेरी सूटकेसवर बसली,
म्हणून तेव्हाच ती नीट बंद झाली.

बारी नावाच्या गावी निघालीय ती,
इटलीत, एक्याण्णव वर्षांच्या एका बाईला सांभाळायला.
बाईला पोटची मुलगी ओळखू येत नाही.
"बरंच आहे," एतेरी म्हणाली,
"मला ओळखलं नाही, तर मनाला लावून घ्यायला नको."
"समुद्र दिसतो का गं तिथून?"
"स्वयंपाकघरातून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात."

झाउरच्या बटाट्याच्या काट्यावर चढवली सूटकेस.
काटा तेवीसवर जाऊन थरथरला.
झाउर म्हणाला, "मातीसकट की धुऊन?"
उघडली तिथंच, बटाट्यांच्या ढिगावर, सगळ्या मंडईसमोर.
आधी बूट निघाले. मग लोकरीचा कोट,
नोव्हेंबर तोंडावर असताना.
मग तिनं गोळ्यांची पिशवी काढून माझ्या हातात दिली,
ब्लडप्रेशरच्या, तीन महिन्यांच्या.
"अगं वेडी का तू?"
"गोळ्या तिथंही मिळतात. ट्केमाली मिळत नाही."
आलुबुखाऱ्याच्या त्या हिरव्या, आंबट चटणीच्या चार बाटल्या
मोज्यांमध्ये गुंडाळून जागच्या जागी राहिल्या,
झेंडूच्या पाकळ्यांची पूडही राहिली.

वीस किलो, आणि वर जेमतेम एका अक्रोडाचं वजन.
माझ्या हातात सोललेल्या अक्रोडांची पुडी होती,
तिच्यासाठीच रात्री बसून फोडलेले.
"ही राहू दे," मी म्हटलं. "मी खाईन."
कोट मात्र तिनं अंगावर चढवला,
त्या उन्हात, घामाघूम होत.
मिनीबस आली, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच उभा.
आम्ही एकमेकींना बांधाबांध, झोप, औषध, कुलूप
असलं काहीबाही सांगत राहिलो.
मग काचेतून तिचा हात दिसला.
मग नुसतीच काच.

नानुलीला आठवलं, बटाटे घ्यायचे राहिले.
परत गेलो. झाउर ताटली पुसत होता,
ताटलीत काहीच नव्हतं
आणि काटा शून्यावर नव्हता.
तीनशे ग्रॅमवर होता.

"हा असाच आहे," झाउर म्हणाला, "बापाच्या वेळेपासून."
नानुलीनं कमरेवर हात ठेवले.
चाळीस वर्षांचे बटाटे, कांदे, बीट,
दर खेपेला तीनशे ग्रॅम हवा
तिनं उभ्याउभ्या, मोठ्यानं मोजायला घेतली.
माणसं जमली. झाउर देवाची शपथ घेऊ लागला.

मी पुडी त्या ताटलीत ठेवली.
काटा सहाशेवर गेला.
उचलली, परत ठेवली.
अक्रोड बरोबर तेवढेच होते.